कोरेशाचा उजवा हात

आजचं वाचन: यशया ४४:२४ ते ४५:१३

काल आपण ४४व्या अध्यायातला तो सुतार पाहिला, जो एकाच झाडाच्या अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो आणि उरलेल्या अर्ध्याचा देव करतो. आज त्याच अध्यायाच्या शेवटी एका माणसाचं नाव येतं. आपल्यातले बरेच जण त्या नावावर न थांबता पुढे जातात. कोरेश. ओळखीचं वाटत नाही म्हणून असेल. इंग्रजी बायबल वाचणाऱ्यांना तो सायरस म्हणून भेटतो, आणि मग मुंबईकराला लगेच दादरच्या पारसी कॉलनीतला कुणीतरी सायरस आठवतो. नाव एकच आहे. जुन्या पर्शियनमध्ये कुरुश, हिब्रूत कोरेश, ग्रीकांच्या तोंडी कुरोस.

यशया त्याला आधी मेंढपाळ म्हणतो. ते एक वेळ ठीक, त्या काळी राजाला मेंढपाळ म्हणायची पद्धतच होती. पण पुढच्या अध्यायाच्या सुरुवातीलाच त्याला अभिषिक्त म्हटलं आहे. मूळ हिब्रू शब्द तोच, ज्यावरून आपण 'मशीहा' म्हणतो आणि ज्याचं ग्रीक रूप 'ख्रिस्त' आहे. शौल अभिषिक्त होता, दावीद अभिषिक्त होता, याजकांच्या डोक्यावर तेल ओतलं जायचं. जुन्या करारात हा शब्द थेट ज्याच्या नावाला जोडला आहे असा परका राजा मात्र हा एकच. देव त्याचा उजवा हात धरतो, त्याच्या वाटेतली दारं उघडतो, दडवलेले खजिने त्याच्या हाती देतो.

या दारांपाशी आणि खजिन्यांपाशी आज जरा थांबू या. कारण ही वचनं आपण फार सहज वापरतो. नोकरीच्या मुलाखतीआधी, व्हिसाच्या रांगेत, घराचं कर्ज मंजूर व्हावं म्हणून. नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर ती सूर्योदयाच्या फोटोखाली छापलेली असतात. त्यात गैर काही नाही, देवाचं वचन आपल्या छोट्या गरजांनाही पुरतं. पण मुळात ते एका लष्करी मोहिमेचं वर्णन आहे. ती दारं शहरांच्या वेशींची होती. ते खजिने कुणाचे तरी होते.

तर ही मोहीम काय होती ते आधी पाहू.

आजच्या इराणच्या नैर्ऋत्येला फार्स नावाचा प्रांत आहे. पवित्र शास्त्रातलं 'पारस' ते हेच, आणि 'पारसी' हा शब्दही तिथलाच. इ.स.पू. ५५९च्या सुमारास कोरेश तिथल्या अन्शान नावाच्या छोट्या राज्याच्या गादीवर आला. उत्तरेला मेदी लोकांचं मोठं राज्य होतं, त्यांच्यापुढे अन्शानची काही फार किंमत नव्हती. इ.स.पू. ५५०च्या आसपास मेदी राजा अस्त्यागेस कोरेशावर चालून आला आणि त्याच्याच सैन्याने बंड करून त्याला बांधून कोरेशाच्या स्वाधीन केलं. हे ग्रीक कथेत आहेच, पण बाबेलच्या बखरीतही आहे. मातीच्या एका पाटीवर बाणाकृती लिपीत कोरलेली ती बखर आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याच पाटीवर पुढे लिहिलंय की कोरेशाने राजधानी एकबताना घेतली आणि तिथलं सोनंचांदी लुटून अन्शानला नेलं. एकबताना म्हणजे आजचं हमदान. एज्राच्या सहाव्या अध्यायात कोरेशाच्या हुकमाची नोंद सापडते ती याच शहरात, हे लक्षात ठेवा.

मग पश्चिमेकडे लिडिया. आजच्या तुर्कस्तानात. तिथला राजा क्रीसस इतका श्रीमंत की त्याचं नावच श्रीमंतीचं माप झालं. हेरोडोटस सांगतो की कोरेशाशी लढावं का, हे त्याने डेल्फीच्या देववाणीला विचारलं, आणि उत्तर आलं की लढलास तर एक मोठं साम्राज्य धुळीला मिळेल. क्रीससला वाटलं, कोरेशाचं. मिळालं त्याचं स्वतःचं. पहिली लढाई बरोबरीत सुटली, हिवाळा तोंडावर आला, क्रीसस आपल्या राजधानीला परतला आणि मित्रांच्या फौजांना त्याने वसंतात यायला सांगितलं. कोरेश हिवाळा संपायची वाट बघत बसला नाही. तो मागोमाग आला. मैदानात त्याने सामानाचे उंट फौजेच्या पुढे उभे केले, उंटांच्या वासाने लिडियाचे घोडे उधळले. राजधानीचा गड एका बाजूने सरळ कड्यावर होता, म्हणून त्या बाजूला पहारा नव्हता. एका शिपायाचं शिरस्त्राण खाली पडलं, तो उतरून ते घेऊन परत वर चढला, आणि खालून कुणीतरी ते पाहिलं. वेढ्याच्या चौदाव्या दिवशी गड पडला.

ही राजधानी म्हणजे सार्दीस. हो, प्रकटीकरणातलं सार्दीस, सात मंडळ्यांपैकी एक. प्रभू त्या मंडळीला जागं राहायला सांगतो, आपण चोरासारखे येऊ म्हणतो. ज्या गावाचा गडच एकदा पहारा नसल्यामुळे गेला होता, तिथल्या लोकांना ते कुठे लागलं असेल! पण हा विषय वेगळा.

यानंतरचा भाग उपदेशात सहसा येत नाही, म्हणून तो जरा सविस्तर लिहिते. कोरेश स्वतः पूर्वेकडे वळला आणि किनाऱ्यावरची शहरं जिंकायला त्याने सरदार ठेवले. प्रियेने शहरातल्या लोकांना गुलाम म्हणून विकलं. फोकाया शहराच्या लोकांनी बायकामुलं आणि देवळातल्या मूर्ती जहाजांत भरल्या आणि गाव रिकामं करून समुद्रात निघून गेले. आणि दक्षिणेला लिकिया प्रांतात झान्थोस नावाचं शहर होतं. तिथल्या पुरुषांनी हरताहेत हे दिसल्यावर आपल्या बायका, मुलं, नोकर, सगळा संसार गडात गोळा केला, गडाला आग लावली, आणि मग बाहेर पडून शेवटचा माणूस मरेपर्यंत लढले. हेरोडोटसने हे मोजक्या चार ओळींत लिहिलंय. वाचायला अर्धं मिनिटही लागत नाही.

मग इ.स.पू. ५३९. बाबेल.

दानीएलाच्या पाचव्या अध्यायातली रात्र आपल्याला रविवारच्या शाळेपासून पाठ आहे. बेलशस्सराची मेजवानी, यरुशलेमच्या मंदिरातून आणलेले पेले, भिंतीवर लिहिणारी बोटं. त्याच रात्री राज्य गेलं. बाबेल रक्ताचा थेंब न सांडता पडलं असं आपण ऐकतो, आणि शहरापुरतं ते बरोबर आहे. बखर म्हणते की तिश्री महिन्याच्या १४ तारखेला सिप्पार लढाईशिवाय हाती आलं, १६ तारखेला कोरेशाचं सैन्य लढाईशिवाय बाबेलमध्ये शिरलं, आणि पुढच्या महिन्यात कोरेश स्वतः आला तेव्हा त्याच्या वाटेवर हिरव्या फांद्या अंथरल्या होत्या. पण त्याच बखरीत, या दोन तारखांच्या अगदी आधी, एक ओळ आहे. तिग्रीस नदीकाठच्या ओपिस इथे लढाई झाली, कत्तल झाली, लूट झाली. कापले गेले ते शहरातले लोक की सैनिक, यावर अभ्यासकांचा वाद आहे, कारण त्या ओळीचं भाषांतर दोन्ही तऱ्हांनी करतात. माणसं कापली गेली यावर वाद नाही.

म्हणजे बाबेलच्या वेशी उघडल्या तेव्हा आतल्या लोकांना ओपिसची बातमी बहुतेक पोचली होती. दार उघडायला कधीकधी तेवढं पुरतं.

आता खरा प्रश्न. देवाने ज्याचा हात धरला, त्या हाताने हे सगळं झालं. मग हे देवाचं काम होतं का? आणि असेल, तर ते चांगलं होतं का?

पटकन देण्याजोगी दोन उत्तरं आपल्याकडे तयार असतात. एक म्हणजे, कोरेश चांगला राजा होता, अश्शुरी आणि खास्दी राजांपेक्षा कितीतरी बरा, त्याने लोकांना घरी जाऊ दिलं. हे खरंच आहे. नबुखद्नेस्सराने देवळं लुटली, कोरेशाने मंदिराची सोन्याचांदीची ५,४०० पात्रं मोजून परत दिली. एज्राच्या पहिल्या अध्यायात त्यांची यादीच आहे, थाळ्या, वाट्या, सुऱ्या, अगदी सरकारी पंचनाम्यासारखी. पण हे उत्तर झान्थोसच्या बाईला देता येत नाही. दुसरं उत्तर, देवाच्या योजना अगाध आहेत. हेही खरं आहे, आणि बहुतेक वेळा आपण ते संभाषण संपवायला वापरतो.

मला तिसरी वाट सापडली ती जरा विचित्र ठिकाणी.

१८७९ साली बाबेलच्या अवशेषांत होर्मुझ्द रस्साम या मोसुलच्या अश्शुरी ख्रिस्ती संशोधकाच्या माणसांना मातीचा एक नळा सापडला. पिंपासारख्या आकाराचा, वीतभर लांब, काही भाग फुटलेला, अंगभर बारीक बाणाकृती अक्षरं. हाच तो प्रसिद्ध 'सायरस सिलिंडर'. २०१३च्या डिसेंबरात तो मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आला होता. मी तेव्हा कॉलेजात होते, तो बघायला गेले होते. इतका छोटा असेल असं वाटलं नव्हतं. काचेपाशी एक पारसी आजोबा नातवाला हळू आवाजात काहीतरी समजावत होते, आणि त्यांच्या मागे मी उभी, डोक्यात एज्रा १. मला वाटलं होतं की यावर यरुशलेमचं नाव असणार.

नाही. यरुशलेम नाही, यहूदी नाहीत, आपल्या देवाचं नाव नाही. आहे तो मर्दूक, बाबेलचा देव. नळ्यावर जे लिहिलंय त्याचा मथितार्थ असा, की बाबेलचा राजा नबोनिदस याने मर्दूकाच्या पूजेत बिघाड केला, लोकांना जू लादून छळलं, म्हणून मर्दूक चिडला. त्याने सगळे देश धुंडाळले, एक न्यायी राजा शोधला, कोरेशाचा हात धरला, त्याला नावाने हाक मारली, मित्रासारखा त्याच्या शेजारून चालला आणि लढाई न होता त्याला बाबेलमध्ये नेलं. पुढे कोरेश सांगतो की तिग्रीसपलीकडच्या अनेक शहरांच्या देवांना आपण त्यांच्या त्यांच्या जागी परत बसवलं आणि त्यांचे लोकही परत पाठवले.

हात धरला. नावाने हाक मारली. हे आज सकाळी आपण कुठे वाचलं?

घरी येऊन मी दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि पोटात गोळा आला. तुमच्यापैकी कुणी इंटरनेटवर हे वाचलं असेल तर तुम्हालाही आला असेल, कारण यावरून लोक विश्वासाची थट्टा करतात. म्हणे, बघा, प्रत्येक देवाचा पुजारी जिंकणाऱ्यावर आपला शिक्का मारतो. मर्दूकवाले म्हणाले आमच्या देवाने पाठवला, यहूदी म्हणाले आमच्या. आणि राजाही हुशार, ज्याच्या गावात गेला त्याच्या देवाचं नाव घेतलं. बाबेलमध्ये मर्दूक, यरुशलेमच्या लोकांसमोर स्वर्गीचा देव.

या शेवटच्या वाक्याशी मी अगदी सहमत आहे. राजे असेच असतात. हा नळा नंतरच्या राजांनीही वापरला. १९७१ साली इराणच्या शाहाने पर्शियन राजेशाहीची २,५०० वर्षं थाटामाटात साजरी केली, तेव्हा या नळ्याची प्रतिकृती संयुक्त राष्ट्रांना भेट दिली गेली, मानवी हक्कांची जगातली पहिली सनद म्हणून. तशी ती सनद नाही. नव्या राजाने जुन्या राजधानीत करायची असते तशी घोषणा आहे.

पण दोन्ही मजकुरांत एक फरक आहे, आणि तो दिसला तेव्हा मला बसल्या जागी हायसं वाटलं. नळ्यावरचा कोरेश मर्दूकाचा लाडका आहे, कारण तो न्यायी आहे, मनाने सरळ आहे, मर्दूकाला भजतो. मर्दूकाने त्याला निवडलं कारण तो निवडण्यासारखा होता. यशयात यातलं एकही कारण नाही. एकही नाही, पुन्हा वाचून बघा. कोरेशाच्या न्यायीपणाबद्दल अवाक्षर नाही, दयाळूपणाबद्दल नाही. उलट देव त्याला तोंडावर सांगतो की तू मला ओळखत नाहीस. आणि एकदा सांगून भागत नाही, पुढच्याच वचनात पुन्हा सांगतो. निवड कशासाठी? याकोबासाठी, आणि पूर्वपश्चिम सगळ्यांना कळावं म्हणून.

म्हणजे तो मातीचा नळा यशयाला खोटं पाडत नाही. यशयाने जे म्हटलं होतं त्याचा तो पुरावाच आहे. कोरेश खरंच ओळखत नव्हता! मर्दूकाचं नाव घेत तो बाबेलमध्ये शिरला, हे यशयाच्या शब्दाला धरूनच झालं. संदेष्ट्याने राजाच्या भक्तीवर एक पैसाही लावलेला नव्हता, म्हणून राजाची भक्ती दुसरीकडेच निघाली तरी त्याचं काही बुडत नाही.

इथे 'अभिषिक्त' या शब्दाचं वजन बदलतं. आपण तो शब्द ऐकला की शिफारसपत्र ऐकतो, देवाने निवडला म्हणजे माणूस चांगला. पण पवित्र शास्त्र देवाच्या हातातल्या हत्यारांबद्दल किती मोकळेपणाने बोलतं ते पाहा. याच पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात अश्शूर हा देवाच्या रागाची काठी आहे, आणि तिथेच त्या काठीच्या गर्वाचा हिशेबही आहे. कुऱ्हाडीने आपल्याला चालवणाऱ्यासमोर मिजास करू नये, असा तो मुद्दा. यिर्मयात देव नबुखद्नेस्सराला आपला सेवक म्हणतो, ज्या नबुखद्नेस्सराने इ.स.पू. ५८६च्या सुमारास मंदिर जाळलं त्याला! आणि मग त्याच बाबेलला शिक्षा होते. वापरलं जाणं ही एक गोष्ट, पसंत असणं ही दुसरी. हबक्कूक तर यावरून देवाशी सरळ भांडला, की आमच्यापेक्षा वाईट माणसांकडून आम्हाला गिळवतोस आणि तू गप्प कसा? देवाने त्याला गप्प बस असं म्हटलं नाही. त्याचं भांडण पुस्तक करून आपल्या हातात दिलं.

तर मग ओपिसची कत्तल कोरेशाच्या खात्यावर राहते का? माझ्या वाचनाप्रमाणे राहते. देवाने त्या हाताने आपलं काम करून घेतलं, पण त्यामुळे हात धुतला गेला असं यशया कुठेही म्हणत नाही. ४५:७ मध्ये उजेड आणि अंधार, शांती आणि अरिष्ट, सगळं आपणच घडवतो असं देव म्हणतो. हे वचन मला आजही जड जातं, ते मी इथे हलकं करून देणार नाही. पण त्या वचनाचा आधार घेऊन कुठल्याही राजाने आपली तलवार पुसावी अशी सोय मला त्यात दिसत नाही.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे 'कोरेश' हा शब्द आजही फिरतोय. २०१८ मध्ये इस्रायलमधल्या एका संस्थेने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा चेहरा आणि त्यामागे कोरेशाचा चेहरा असं नाणं काढलं. अमेरिकेतल्या कितीतरी ख्रिस्ती लोकांनी त्याआधीपासूनच ही तुलना चालवली होती, की माणूस कसाही असो, तो आपला कोरेश आहे. तिथलं राजकारण तिथल्या लोकांना लखलाभ. पण ती सवय आपल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर येते. कुणी जिंकला, आणि जिंकल्यामुळे आपलं काही बरं झालं, की लगेच वचन जोडून फॉरवर्ड. यशयाने कोरेशाला ओळखलं ते देवाने सांगितलं म्हणून. आपण ओळखतो ते निकाल लागल्यावर. आणि 'कसाही असो' हे शब्द म्हणून झाले की त्याने कुणाचं काय केलं हे विचारायची आपली जबाबदारी संपते, ही त्यातली खरी सोय.

राजकारण सोडा, घराजवळचं बोलू. मागच्या वर्षी आमच्या तरुण संघात एका भावाने साक्ष दिली. त्याच्या कंपनीने दुसरी एक कंपनी विकत घेतली, महिनाभर सगळ्यांच्या नोकऱ्या टांगणीला होत्या, त्याने उपास केला, आणि त्याची टीम वाचली. वर बढती. त्याने नेमकं हेच वचन वाचलं, उघडलेल्या दारांचं. आम्ही टाळ्या वाजवल्या, हालेलुया म्हटलं. माझ्या शेजारी एक बहीण बसली होती. विकत घेतलेल्या त्या दुसऱ्या कंपनीत तिचा नवरा होता, त्यांचं ऑफिस पुरतं बंद झालं होतं. तीही टाळ्या वाजवत होती.

त्या भावाचं काहीही चुकलं नाही. देवाने त्याला सांभाळलं आणि त्याने उपकार मानले, आणखी काय करायला हवं होतं? पण त्या दिवसापासून मला ही वचनं वाचताना ती बहीण आठवते. दार माझ्यासाठी उघडलं हे जितकं खरं, तितकंच ते कुणाच्या तरी अंगावर उघडलं असू शकतं. यरुशलेमला परतणाऱ्या ४२,३६० लोकांच्या त्या आनंदी यात्रेत ओपिसचं नाव कुणी काढलं असेल का? आपल्या घरच्या वाटेवर असताना दुसऱ्याचं गाव आठवणं अवघड असतं. उपकारस्तुतीत त्या बहिणीच्या नवऱ्यासाठी एक वाक्य घातलं असतं तर स्तुती कमी झाली नसती. त्या संध्याकाळी आमच्यापैकी कुणालाच ते सुचलं नाही.

यशयाच्या पहिल्या श्रोत्यांची अडचण वेगळीच होती. ९व्या वचनापासून देव अचानक कुंभार आणि मातीबद्दल बोलायला लागतो, घडवणाऱ्याशी वाद घालणाऱ्यांना दटावतो. हे दटावणं कुणाला? मला वाटतं, ज्यांना कोरेश नकोसा होता त्यांना. त्यांना दाविदाच्या वंशातला राजा हवा होता, आपला, शास्त्र जाणणारा. देवाने सुटका पाठवली ती शब्बाथ न पाळणाऱ्या, देवाला न ओळखणाऱ्या माणसाकडून. हे पचवणंही सोपं नव्हतं. आपलंही असंच होतं ना? मंडळीतल्या माणसाकडून मदत आली तर देवाने पाठवली, आणि ऑफिसमधल्या देवबीव न मानणाऱ्या सहकाऱ्याने आईच्या ऑपरेशनला रात्रभर रक्तदाते गोळा केले तर तो नुसता 'चांगला मुलगा'. देवाचा हात कुणाकुणाच्या हातात असतो याची यादी आपण आधीच करून ठेवतो.

कोरेशाने दिलेल्या सुटकेची हद्दही पाहा. जवळपास शंभर वर्षांनी नहेम्या यरुशलेमला आला तेव्हा पर्शियाचंच राज्य होतं. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात लोक रडत येतात की राजाचा कर भरायला शेतं गहाण टाकली, द्राक्षमळे गेले, आता मुलामुलींना गुलामीत द्यायची वेळ आली. नवव्या अध्यायातल्या प्रार्थनेत ते कबूल करतात की बापजाद्यांना दिलेल्या या देशातच आम्ही दास आहोत आणि जमिनीचं पीक परक्या राजांच्या घरात जातं. घरी आले होते, मंदिरही उभं राहिलं होतं. जू मात्र मानेवर होतंच, फक्त ते लादणारा राजा बदलला होता.

आणि कोरेश? तो थांबला नाही. यरुशलेमसाठी त्याच्याकडून जे व्हायचं होतं ते इ.स.पू. ५३८ला हुकूम निघाला तेव्हा झालं होतं. पण जिंकणाऱ्याला पुरे म्हणता येत नाही. इ.स.पू. ५३०च्या सुमारास तो ईशान्येच्या गवताळ प्रदेशात मस्सागेताई लोकांवर चालून गेला. त्याच्या मृत्यूच्या अनेक कथा आपण ऐकल्या, असं हेरोडोटस स्वतःच म्हणतो, आणि त्यातली त्याला पटलेली सांगतो. त्या लोकांची राणी होती तोमिरिस. तिने आधी निरोप पाठवला की तू तुझं राज्य सांभाळ, आम्हाला आमचं सांभाळू दे. कोरेशाने ऐकलं नाही, दारूचं आमिष लावून तिच्या मुलाला पकडलं, आणि मुलाने जीव दिला. मग झालेल्या लढाईत कोरेश पडला. राणीने त्याचं मस्तक रक्ताने भरलेल्या कातड्याच्या पिशवीत बुडवलं, म्हणजे त्याची रक्ताची तहान भागेल. पासार्गादाईला त्याची म्हणून दाखवतात ती कबर अजून उभी आहे. दगडी पायऱ्यांवर एक छोटं घर, बस्स.

यशया ४८च्या पुढे कोरेश पुन्हा येत नाही. ४९पासून पुस्तक दुसऱ्याच एकाकडे वळतं. त्या सेवकाची ओळख ४२व्या अध्यायात झालीच होती, जो रस्त्यात आवाज चढवत नाही, चेपलेला बोरूसुद्धा मोडत नाही. त्याच्यासाठी कुणाचं गाव जळत नाही, जे सोसायचं ते तो स्वतः सोसतो. तिथे पोचायला आपल्याला अजून काही दिवस लागतील, घाई नको.

उद्याचं वाचन ४५:१४ पासून ४६व्या अध्यायाच्या शेवटापर्यंत. ४६:११ला आलात की थांबा. तिथे हाच राजा नाव न घेता पुन्हा येतो. आज ज्याला मेंढपाळ म्हटलं, त्याला यशया तिथे पूर्वेकडून झेपावणारा हिंस्र पक्षी म्हणतो.